विश्लेषण : फैजपूरची बांबूनगरी, तांदळाची खळ आणि जपानी घरातील कापड… काय आहे नंदलाल बोस यांचे नाते?

डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर या गावी काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, गांधीजी मुक्कामाला होते आणि साने गुरुजींनी त्यासाठी खानदेशातील गावे पायाखाली घातली होती. हा इतिहास जळगाव-धुळ्याच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. त्या अधिवेशनाची संपूर्ण नगरी बांबू आणि गवतातून कोणी सजवली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. तो माणूस होता नंदलाल बोस. पुढे भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीची पाने चित्रांनी सजवणारे, तेच हे. वाघुरच्या खोऱ्यातील अजिंठ्यापासून जपानपर्यंत गेलेल्या या चित्रकाराने घरातील चादर, पडदा आणि अंगणातील रांगोळी यांना चित्राच्या बरोबरीने का बसवले, याची ही गोष्ट.

नंदलाल बोस कोण होते?

नंदलाल यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यातील हवेली खडगपूर येथे झाला. कुटुंब बंगाली, वडील पूर्णचंद्र दरभंगा संस्थानच्या नोकरीत. आई क्षेत्रमणी मातीची खेळणी, बाहुल्या करण्यात आणि सुईकामात हुशार होती. नंदलाल लहान असतानाच ती गेली. मुलाचा हात मात्र तोवर मातीला लागला होता, आणि तो गावातील मूर्तिकारांकडे तासन्‌तास बसू लागला होता. शिक्षणासाठी कोलकात्याला पाठवले तेव्हा त्याने कॉलेजच्या परीक्षांत सपाटून मार खाल्ला. मग वाणिज्य शाखेचा प्रयोग झाला, तोही फसला. सासरच्या आणि घरच्या मंडळींची समजूत घालून तो १९०५ च्या सुमारास सरकारी कला विद्यालयात अवनींद्रनाथ टागोर यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

बंगालच्या फाळणीचे ते वर्ष. स्वदेशीची हवा तापली होती. युरोपीय तैलचित्रांची नक्कल सोडून आपल्याकडच्या जुन्या चित्रांकडे, मुघल लघुचित्रांकडे आणि पूर्वेकडील जपानकडे पाहावे, असा अवनींद्रनाथांचा आग्रह होता. नंदलाल त्यांचे सर्वांत आवडते विद्यार्थी ठरले. शिव-सतीच्या चित्रासाठी मिळालेले पाचशे रुपयांचे बक्षीस त्यांनी देश पाहण्यात खर्च केले.

अजिंठ्यात त्यांनी काय पाहिले?

१९०९ च्या हिवाळ्यात लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकार बाई अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आल्या. भगिनी निवेदिता यांच्या पुढाकाराने नंदलाल, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरचे वेंकटप्पा हे तरुण त्यांच्या मदतीला धाडले गेले. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि खालचा खानदेश इंग्रजी मुलखात. लेण्यांना वळसा घालून वाहणारी वाघुर नदी पुढे खानदेशात उतरते आणि तापीला मिळते. आज जळगाव शहर पाणी पिते ते याच नदीवरील धरणाचे.

सत्तावीस वर्षांच्या नंदलाल यांना अजिंठ्याने रेषा दिली, असे कलेच्या पुस्तकांत लिहिलेले असते. ते बरोबरच आहे. पण त्या भिंतींवर आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे कापड. राजवाड्यातील स्त्रियांच्या चोळ्यांवर बारीक ठिपके आहेत, वस्त्रांवर पट्टे आहेत, हंसांच्या आणि फुलांच्या ओळी आहेत. भारतातील बांधणी आणि इकत किती जुने, हे दाखवताना कापडाचे अभ्यासक आजही अजिंठ्यातील या वस्त्रांकडे बोट दाखवतात. प्रतिकृती करणाऱ्याला तो प्रत्येक ठिपका आपल्या हाताने पुन्हा काढावा लागतो. नुसते पाहून जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही ते त्याच्या बोटांत उतरते. याच अजिंठा मोहिमेसाठी भारतात आलेली डोरोथी लार्चर ही तरुणी पुढे इंग्लंडमध्ये हाताने छापलेल्या कापडांसाठी नावाजली गेली, ही गोष्टही सहज आठवावी अशी.

नंतर १९२१ मध्ये सातपुड्याच्या आणि नर्मदेच्या पलीकडे, धार जिल्ह्यातील बाघ येथील लेण्यांच्या प्रतिकृतींसाठीही नंदलाल गेले.

जपानशी संबंध कसा आला?

तीन पायऱ्यांनी. पहिली पायरी ओकाकुरा काकुझो. हे जपानी विचारवंत १९०२ मध्ये प्रथम कोलकात्यात आले, आणि १९१२ मध्ये पुन्हा आले तेव्हा त्यांनी अवनींद्रनाथांच्या विद्यार्थ्यांशी संवाद साधला. निसर्ग, परंपरा आणि कलावंताचे स्वतःचे वेगळेपण या तिन्हींचा तोल साधला तरच कला उभी राहते, हे त्यांचे सूत्र नंदलाल यांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवले. दुसरी पायरी अराई काम्पो. हे चित्रकार १९१६ मध्ये आले आणि जोडासांकोच्या टागोरवाड्यात त्यांनी जपानी कुंचला आणि शाईचे तंत्र शिकवले. त्यांनीही पुढे अजिंठ्याची वाट धरली आणि भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. तिसरी पायरी प्रत्यक्ष प्रवासाची. १९२४ मध्ये रवींद्रनाथ चीन आणि जपानच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा त्यांनी नंदलाल यांना बरोबर घेतले.

जपानमधील मुक्काम काही आठवड्यांचाच होता. तिथल्या घरात चित्र आणि वस्तू अशी फारकत नव्हती. चहाची वाटी, दारावरचा पडदा, गाठोड्याचे फडके या सगळ्यांत चित्रकाराइतकीच नजर वापरलेली होती. आपल्याकडे कला विद्यालयात शिकलेला माणूस चित्रकार आणि रंगारी मात्र कारागीर, अशी जी पायरी इंग्रजी शिक्षणाने घालून दिली होती, ती नंदलाल यांना आधीच खुपत होती.

जपानी घरातील कापडावर नेमके काय असते?

इथे थोडे थांबून तंत्र समजून घ्यायला हवे. कापडावर रंग लावून नक्षी काढण्याची एक रीत असते, आणि दुसरी याच्या बरोबर उलटी. नक्षीच्या जागी रंग पोहोचू द्यायचा नाही, बाकी सगळे कापड रंगवायचे. बांधणीत दोरा घट्ट आवळून रंग अडवतात, बाटिकमध्ये मेण लावून. जपानमध्ये दोऱ्याने बांधण्याची रीत आहेच, तिला शिबोरी म्हणतात. पण साध्या शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या घरातले मोठे कापड बहुधा तांदळाने अडवलेले असे. चिकट तांदळाचे पीठ आणि कोंडा शिजवायचा, त्यात चुना व मीठ घालून दाट खळ करायची. ती तेलकट कागदाच्या सुरळीत भरायची आणि टोकातून दाबत कापडावर रेषा ओढायची. मेंदीचा कोन ज्यांनी हाताळला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. या पद्धतीचे नाव त्सुत्सुगाकी. कागदी साचा कातरून त्यातून खळ लावली, तर ते काताझोमे. खळ वाळली की कापड निळीच्या हौदात पुन्हा पुन्हा बुडवायचे, शेवटी पाण्यात खळ धुऊन काढायची. गडद निळ्यावर पांढरी नक्षी उमलते.

हे कापड लागे ते रजईच्या खोळीला, अंगावर घ्यायच्या किमोनोच्या आकाराच्या जाड पांघरुणाला, दुकानाच्या दारावरील आडपडद्याला आणि गाठोडे बांधायच्या चौकोनी फडक्याला. मुलीच्या लग्नात रुखवतासारखे असे कापड दिले जाई. त्यावरची चित्रे नुसती शोभेची नव्हती. सारस आणि कासव म्हणजे दीर्घायुष्य. पाठीवर शेवाळाची शेपटी असलेले कासव म्हणजे तर फारच जुने, म्हणून अधिक शुभ. देवदार जातीचे सदाहरित झाड, बांबू आणि थंडीतच फुलणारा प्लम हे तिघे एकत्र आले की संकटातही न वाकणाऱ्या संसाराचा आशीर्वाद. वाकड्या पाठीचा झिंगा म्हणजे पाठ वाकेपर्यंत आयुष्य लाभो, ही इच्छा. बाळाच्या कपड्यावर तागाच्या पानाची चांदणीसारखी नक्षी, कारण ते रोप सरळ आणि झपाट्याने वाढते. प्रवाहाविरुद्ध चढणारा मासा मुलाच्या पराक्रमासाठी. शिवाय घराण्याचे गोल चिन्ह, म्हणजे खोळ कोणाच्या घरची ते लांबूनही कळावे.

रात्री अंगावर घेतलेली रजई म्हणजे अंगावर घेतलेला आशीर्वादच. आपल्याकडे गोधडीत आजीच्या लुगड्याचा तुकडा मुद्दाम घालतात, त्यामागची भावना याहून फार वेगळी नसावी.

या कापडात एक खानदेशी धागाही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमधील कापसाची शेती मोडीत निघाली आणि तिथल्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर चालू लागल्या. १८९३ मध्ये मुंबई-कोबे अशी जहाजसेवा सुरू झाली. मुंबईच्या बाजारात खानदेशचा कापूस ही एक ओळखीची प्रत होती. पुढे १९३३ मध्ये इंग्रज सरकारने जपानी कापडावर जबर जकात बसवली, तेव्हा उलट उत्तर म्हणून जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. १९३४ च्या आरंभी करार होऊन तो मिटला. आधीच मंदीने खचलेल्या कापूस उत्पादकाला दूरच्या देशातील निर्णय कसा भोवतो, याचा धडा तेव्हाच मिळाला होता. फैजपूरला शेतकऱ्यांचा कार्यक्रम मंजूर झाला तो अशा काळात.

शांतिनिकेतनमध्ये नंदलाल यांनी काय बदलले?

१९१९ पासून शांतिनिकेतनचे कलाभवन आकाराला येत होते. १९२२ पासून ते नंदलाल यांच्या हाती आले आणि १९५१ मध्ये निवृत्त होईपर्यंत राहिले. चित्रकला, शिल्प आणि भित्तिचित्र यांच्या जोडीला तिथे विणकाम, भरतकाम, चामड्याचे काम, अल्पना आणि बाटिक आले. अल्पना म्हणजे बंगालची रांगोळी. आपली रांगोळी कोरड्या पुडीची, बंगालमधील ओल्या तांदळाच्या पिठाची. लक्ष्मीची पावले, कमळ, भाताची लोंबी, मासा हे सगळे व्रतांच्या निमित्ताने बायका जमिनीवर काढत. त्या प्रत्येक आकृतीमागे काही मागणे असते, हे अवनींद्रनाथांनी बंगालच्या व्रतांवरील पुस्तकात आधीच दाखवले होते. नंदलाल यांनी सुकुमारीदेवी या जाणत्या बाईंना कलाभवनात शिकवायला बसवले. कला विद्यालयात अल्पना हा विषय असू शकतो, ही त्या काळात धाडसाचीच गोष्ट होती.

१९२७ मध्ये रवींद्रनाथ जावा आणि बालीला गेले. बरोबर नंदलाल यांचे सहकारी सुरेंद्रनाथ कर होते. जावातील बाटिकचे संस्कार या प्रवासातून शांतिनिकेतनमध्ये अधिक खोल रुजले. कवींची सून प्रतिमादेवी आणि नंदलाल यांची मुलगी गौरी भंज यांनी ते वाढवले. जावात मेण लहानशा तांब्याच्या नळीतून ओततात. इथे मुलींनी कुंचल्याने लावायला सुरुवात केली, त्यामुळे रेषा मोकळी झाली. मेण वितळू नये म्हणून रंग थंडच ठेवावा लागतो, आणि मेणाला तडा गेला की तिथे रंग झिरपून केसासारखी रेघ उमटते. नक्षी मात्र जावाची राहिली नाही. जमिनीवरची अल्पना उचलून साडीच्या पदरावर आली. गौरीदेवींनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थिनी घडवल्या.

यात फक्त सौंदर्याचा प्रश्न नव्हता. मध्यमवर्गीय घरातील बाईला घराबाहेर न पडताही कमाई करता येईल असे काम त्यातून उभे राहिले. चामड्यावर बाटिक केलेली शांतिनिकेतनची पर्स महाराष्ट्रातील अनेक घरांत असते, तिचे मूळ इथले. त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बाटिक फॅशन झाले, तडे मुद्दाम पाडले जाऊ लागले, आणि लक्ष्मीचे पाऊल कशासाठी हे विसरून ते छापले जाऊ लागले. नंदलाल यांच्या नंतर कारागिरी टिकली, अर्थ पातळ झाला, असे म्हणणे अन्यायाचे ठरणार नाही.

एक मराठी नावही इथे नोंदवायला हवे. विनायक मासोजी कलाभवनात शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. मुंबईच्या जे. जे. स्कूलची वाट सोडून मराठी मुलगा बंगालच्या माळरानावर जातो, हे त्या काळी घरच्यांच्या पचनी पडणे सोपे नव्हते.

फैजपूरला नेमके काय घडले?

अधिवेशन खेड्यात भरवायचे, आणि तिथे शहरातून आणलेले काही नको, असा गांधीजींचा आग्रह होता. त्याआधी एप्रिलमध्ये लखनौच्या अधिवेशनात नंदलाल यांनी कलाप्रदर्शन मांडले होते. फैजपूरसाठी निरोप आला तेव्हा ते कचरले. आपण चित्रकार, नगर उभारणे हे वास्तुविशारदाचे काम, अशी त्यांची अडचण होती. गांधीजींनी ती मानली नाही. खादीधारी, मितभाषी नंदलाल मग शिष्यांसह या कापसा-केळीच्या मुलखात दाखल झाले.

अधिवेशनाच्या जागेला टिळकनगर हे नाव होते. सिमेंट नाही, विटा नाहीत. जवळपास मिळणारा बांबू, गवत, चटया आणि गावातीलच हात. त्यातून कमानी, मंडप, प्रदर्शनाच्या खोल्या उभ्या राहिल्या. अध्यक्षांची मिरवणूक मोटारीतून नव्हे, तर सजवलेल्या बैलांच्या रथातून निघाली. बैलपोळ्याला ज्या शेतकऱ्याने आपल्या जोडीची शिंगे रंगवली, झूल चढवली, त्याला त्या मिरवणुकीत परके असे काही वाटले नसणार. नंदलाल यांना नेमके तेच हवे होते. खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या भाषणात गांधीजींनी नंदबाबूंच्या या कामाचा आवर्जून गौरव केला.

योगायोग असा, की फैजपूरच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबर १९३६ मध्ये टोक्योत यानागी सोएत्सू यांनी लोककलेचे संग्रहालय उघडले. नाव नसलेल्या कारागिराने रोजच्या वापरासाठी केलेली वस्तूच सर्वांत सुंदर, असे यानागी मांडत होते. वर उल्लेख केलेल्या रजईच्या खोळी आणि आडपडदे तिथे काळजीपूर्वक जमवले गेले. त्यांच्याच प्रभावळीतील सेरिझावा केइसुके यांनी साच्याने रंगवण्याची जुनी रीत पुन्हा उभी केली आणि १९५६ मध्ये जपान सरकारने त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला. यानागी आणि नंदलाल एकच प्रश्न दोन टोकांनी सोडवत होते. एकाने वस्तू जपण्यासाठी संग्रहालय बांधले. दुसऱ्याने अख्खी नगरी अशा सामानातून उभारली, जी काही दिवसांत उतरवायचीच होती.

फैजपूरनंतर काय?

पुढचे अधिवेशन फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा येथे झाले. सुरत जिल्ह्यातील हे गावही तापीच्याच काठचे. म्हणजे ज्या नदीच्या खोऱ्यात नंदलाल यांनी बांबूची नगरी उभारली, तिच्याच खालच्या अंगाला त्यांनी आयुष्यातील सर्वांत गाजलेले काम केले. पिंजारी, शिंपी, कुंभार, ढोलकरी, मुलाला पाजणारी आई, बैल अशी गावची माणसे व जनावरे त्यांनी हातकागदावर जाड, वेगवान रेषेत आणि मातीच्या रंगांत रंगवली. मूळ फलक ऐंशीहून अधिक. विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रती करून संख्या चारशेच्या घरात नेली. ते कुठल्या दालनात टांगले नव्हते. येणारे-जाणारे पाहतील असे कमानींवर, मंडपांवर लावले होते. यातील बरेच फलक आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत आणि २०१९ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनातही ते मांडले गेले.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी त्यांच्याकडून कीर्तिमंदिराच्या भिंती रंगवून घेतल्या. १९३९ ते १९४६ या काळात टप्प्याटप्प्याने हे काम झाले. ते सुरू झाले त्याच वर्षी महाराज वारले. मूळचे मालेगाव तालुक्यातील कवळाण्याचे हे राजे, म्हणजे खानदेशच्या शेजारचेच.

संविधानाचे काम १९४९-५० मधील. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी इंग्रजी प्रत हाताने लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. प्रत्येक भागाच्या आरंभी असलेली २२ चित्रे आणि पानांच्या कडा नंदलाल व त्यांच्या शिष्यांनी केल्या. त्यात छत्रपती शिवाजी महाराजही आहेत. गौरी भंज या कामातही होत्या. पानाच्या कडेच्या नक्ष्या नीट पाहिल्या, तर अजिंठा आणि अल्पना दोन्ही ओळखू येतात.

१९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. निवृत्तीनंतर ते शांतिनिकेतनमध्येच राहिले आणि छोट्या कार्डांवर काळ्या शाईने झाडे, डोंगर, माणसे काढत राहिले. अराई काम्पोने शिकवलेला कुंचला उतारवयात पुन्हा हाती आला होता. १६ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. १९७६ मध्ये त्यांच्या कलाकृतींना कायद्याने राष्ट्रीय कलाठेवा ठरवले गेले, त्यामुळे त्या विकण्यासाठी देशाबाहेर नेता येत नाहीत.

खानदेशातील वाचकाला नंदलाल यांचे मोठे काम पाहायचे असेल, तर दिल्ली गाठण्याची गरज नाही. तापीच्या काठाकाठाने जाणाऱ्या जळगाव-सुरत लोहमार्गाने सुरत, आणि तिथून बडोदा. कीर्तिमंदिराच्या भिंतींवर त्यांचे गंगावतरण अजून आहे.